परदेशातून सुट्टीवर येणाऱ्यांनी कामांचा क्रम आधी लावावा

मा. संपादक,
स. न.

डिसेंबर जवळ आला की परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची घरी यायची तयारी सुरू होते. आजी-आजोबांची भेट, एखादे लग्न, कुलदैवताचे दर्शन आणि 'आलोच आहोत तर' म्हणून बँक, पॅन, सातबारा, फ्लॅट यांची कामे. लग्न लागते, दर्शन होते, कामे अर्ध्यावर राहतात. राग कचेऱ्यांवर निघतो आणि तो अगदीच अस्थानी नसतो. पण अशा कुटुंबांची कागदपत्रे हाताळताना आम्हाला वारंवार दिसते ते असे, की शेवटी करायचे काम लोक आधी करायला जातात आणि घरबसल्या होणारे काम इथे येऊन करतात.

साधा हिशेब मांडू. तीन आठवड्यांच्या सुट्टीत कामाचे दिवस 15. राज्य सरकारी कचेऱ्यांना फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. नाताळची सुट्टी वजा केली की 14 उरतात. आता वारस नोंदीचा फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर वारसांची नावे चढवणे, घ्या. अर्ज दाखल होऊन नोटीस निघाली, की हरकतींसाठीच 15 दिवस थांबावे लागते. म्हणजे पहिला आठवडा पाहुण्यांत गेला आणि दुसऱ्या सोमवारी कोणी तलाठ्याकडे गेले, तर परतीच्या विमानाआधी फेरफार मंजूर होणे शक्यच नाही. यात तलाठ्याचा काही दोष नाही. (तलाठ्याचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, पण गावात विचारताना तलाठीच म्हणा.)

पहिली अडचण विमानात बसण्याआधीच उभी राहते. आई-वडील दोघांचे पासपोर्ट भारतीय आणि मुलाचा अमेरिकेचा किंवा कॅनडाचा, असे असेल तर मुलाला स्वतंत्र व्हिसा किंवा ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला व्हिसाविना येऊ देणारे कार्ड) लागते. 'आम्ही भारतीयच आहोत की' हा युक्तिवाद चेक-इनच्या काउंटरवर चालत नाही. योग्य कागदांविना प्रवासी आणला तर विमान कंपनीलाच दंड बसतो, त्यामुळे ती चढूच देत नाही. ओसीआयला काही आठवडे लागतात. तेवढा वेळ नसेल तर मुलापुरता ई-टुरिस्ट व्हिसा काढावा. 30 दिवसांच्या व्हिसाचा अर्ज पोहोचण्याच्या किमान 4 दिवस आधी करावा लागतो आणि मुंबई, पुणे, नागपूर या तिन्ही विमानतळांवर तो चालतो.

ओसीआय असलेल्यांचा गोंधळ वेगळा. मुलांचे पासपोर्ट बहुतेक देशांत पाचच वर्षांचे असतात. 2021 मध्ये नियम सोपे झाले. वयाची 20 वर्षे पूर्ण होईपर्यंत दर नव्या पासपोर्टनंतर तीन महिन्यांच्या आत त्याची प्रत आणि ताजा फोटो ओसीआयच्या पोर्टलवर चढवायचा. याला शुल्क नाही आणि नवे कार्डही छापून येत नाही. 20 पूर्ण झाल्यानंतर जो पहिला नवा पासपोर्ट मिळेल, तेव्हा मात्र कार्ड एकदा नव्याने घ्यावे लागते. 50 पूर्ण झाल्यावर पुन्हा फक्त अपलोड, तेही एकदाच. जुना पासपोर्ट सोबत बाळगायची सक्ती मार्च 2021 मध्ये गेली. तरीही कार्डावरचा क्रमांक जुळत नाही म्हणून काउंटरवर अडवले जाते, तेव्हा जुना पासपोर्ट हाताशी असलेला बरा. आणि ज्यांनी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे, त्यांनी मुदत शिल्लक आहे म्हणून जुन्या भारतीय पासपोर्टवर येऊ नये. तो गुन्हा आहे. नागरिकत्व बदलले की पासपोर्ट दूतावासात जमा करून तसा दाखला घ्यावा लागतो, आणि त्याशिवाय ओसीआयचा अर्ज पुढे सरकत नाही.

इथे उतरल्यावर खरे घोडे पेंड खाते ते मोबाइल नंबरापाशी. बँक, पॅन, आधार, जमिनीचे ऑनलाइन अर्ज, सगळीकडे ओटीपी. प्रीपेड नंबर 90 दिवस वापरला नाही तर तो बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. मग आपल्या खात्याचे ओटीपी कोणा अनोळखी माणसाच्या फोनवर पडू लागतात. टाळायचे असेल तर खात्यात किमान 20 रुपये शिल्लक ठेवावी, म्हणजे नंबर आपोआप पुढे चालू राहतो. शिवाय परदेशात रोमिंग सुरू ठेवून महिन्याकाठी एखादा एसएमएस पाठवत राहावे. नंबर गेलाच असेल तर उतरल्यावर पहिल्या कामाच्या दिवशी नवे सिम आणि लगेच बँकेच्या शाखेत जाऊन नंबर बदलण्याचा अर्ज. हे होईपर्यंत दुसऱ्या कुठल्याही कामाला हात घालू नये.

कित्येक घरांत सगळ्यांच्या खात्यांना आई-वडिलांचाच नंबर जोडलेला असतो. मुलगा तिकडून फोन करतो, वडील रात्री अकरा वाजता चष्मा शोधून सहा आकडे वाचून दाखवतात. सोयीचे वाटते, पण फोनवर कोणी मागितले की ओटीपी सांगायचा, ही सवय आपणच वडीलधाऱ्यांना लावतो. भामट्यांना दुसरे काय हवे असते? अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, हाँगकाँग, यूएई, सौदी अरेबिया, ओमान आणि कतार या दहा देशांतल्या नंबरांवर एनआरई किंवा एनआरओ खात्याला (अनिवासी भारतीयांची खाती; पहिले परदेशातून आणलेल्या पैशांचे, दुसरे इथल्या उत्पन्नाचे) यूपीआय जोडायची सोय 2023 पासून आहे. आपली बँक ती देते का, हे येण्याआधी विचारून घ्यावे.

आता बँक. परदेशी स्थायिक झाल्यावर इथले साधे बचत खाते तसेच चालू ठेवणे परकीय चलन कायद्यात बसत नाही. ते एनआरओ करून घ्यावे लागते. पासपोर्ट, तिकडच्या वास्तव्याचा परवाना किंवा व्हिसा, तिकडच्या पत्त्याचा पुरावा, पॅन आणि फोटो एवढ्यावर हे काम होते. अनेक बँका दूतावासाने किंवा नोटरीने साक्षांकित केलेल्या प्रती टपालाने घेतात, म्हणजे हे येण्याच्या दोन महिने आधीच उरकता येते. शाखेत अडते ते सहीवर. खाते कॉलेजात असताना उघडलेले, सही देवनागरीत पूर्ण नावाची. आता हात बसला आहे तो इंग्रजी गिचमिड सहीवर. फॉर्मवर नवी सही केली की 'सही जुळत नाही' म्हणून तो परत येतो. आधी सहीचा नमुना बदलण्याचा अर्ज द्यावा आणि मग बाकीचे फॉर्म भरावेत.

दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने स्वतः व्यवहार केला नसेल तर खाते निष्क्रिय होते. नुसते व्याज जमा होणे हा व्यवहार नव्हे. केवायसी पुन्हा दिले की ते सुरू होते आणि त्यासाठी बँकेला शुल्क घेता येत नाही. दहा वर्षे हात न लागलेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते. बुडत नाही, बँकेमार्फत परत मागता येते. वडिलांची एखादी विसरलेली मुदत ठेव शोधायची असेल तर रिझर्व्ह बँकेचे उद्गम पोर्टल आहे, त्यावर नाव टाकून पाहावे. एनआरओच्या व्याजावर 30 टक्के आणि उपकर धरून 31.2 टक्के कर कापला जातो, एनआरईचे व्याज करमुक्त असते. ज्या देशाशी दुहेरी कर टाळण्याचा करार आहे तिथल्या कर खात्याचा रहिवासाचा दाखला बँकेला दिला तर कपात कमी होऊ शकते.

पॅन आणि आधार यांच्याबद्दल तर अफवाच जास्त. अनिवासी भारतीयांना पॅन आधारशी जोडण्याची सक्ती नाही. मात्र आयकर खात्याच्या नोंदीत आपण अजून 'निवासी' असलो, तर 30 जून 2023 नंतर पॅन निष्क्रिय झालेले असते आणि मग कर जास्त दराने कापला जातो. उपाय साधा आहे. पोर्टलवर निवासी दर्जा दुरुस्त करावा आणि आपल्या विभागाच्या कर अधिकाऱ्याला पासपोर्टच्या प्रतीसह कळवावे. यासाठी भारतात यावे लागत नाही. आधारचे म्हणाल तर भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी माणूस आल्याबरोबर अर्ज करू शकतो. ओसीआयवाल्याला मात्र मागच्या बारा महिन्यांत 182 दिवस भारतात राहिल्याशिवाय आधार मिळत नाही. तीन आठवड्यांसाठी आलेल्या ओसीआयधारकाने आधार केंद्राबाहेर रांग लावणे म्हणजे एक दिवस वाया घालवणे.

जुन्या नोटांचेही सांगून टाकू, कारण त्या दर हिवाळ्यात कुठल्या तरी पाकिटातून निघतात. 2,000 ची नोट मे 2023 मध्ये चलनातून मागे घेतली गेली, पण ती अजून वैध आहे. बँकेत बदलून मिळत नाही, रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक कार्यालयांतच जावे लागते. आपल्या राज्यात ती मुंबई, बेलापूर आणि नागपूरला आहेत. टपालाने पाठवून खात्यात जमा करून घेण्याचीही सोय आहे. 2016 पूर्वीच्या 500 आणि 1,000 च्या नोटा मात्र आता नुसता कागद. त्या दहापेक्षा जास्त बाळगणे हाही 2017 च्या कायद्याने गुन्हा आहे.

कामे रखडण्याचे सर्वांत मोठे कारण मात्र वेगळेच आहे. ते म्हणजे नाव. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव अशी रीत. पासपोर्टवर मधले नाव कधी पहिल्या नावाला चिकटलेले असते, कधी गायब असते. पॅनवर आद्याक्षरे असतात, सातबाऱ्यावर गावातले हाकेचे नाव असते. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे, पासपोर्टवर सासरचे, बँकेत दोन्हीच्या मधले काहीतरी. माणूस एकच आहे हे घरच्यांना माहीत असते, पण दुय्यम निबंधकाला कागदच लागतो. म्हणून येण्याआधी महिनाभर सगळी कागदपत्रे टेबलावर पसरून प्रत्येकावरचे नाव अक्षरशः जसे आहे तसे एका कागदावर उतरवून काढावे. फरक किरकोळ असेल तर 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असे प्रतिज्ञापत्र पुरते. नाव खरोखर बदललेले असेल तर राजपत्रातील प्रसिद्धी किंवा विवाह नोंदणीचा दाखला लागतो. जुनी लग्ने पुष्कळदा नोंदवलेलीच नसतात. ती आताही नोंदवता येतात, पण नवरा-बायको दोघे आणि तीन साक्षीदार समक्ष लागतात. म्हणजे दोघेही एकत्र इथे असताना करण्याचे हे एक काम, आणि नेमके तेच मागे पडते. मुद्रांकाचेही लक्षात ठेवावे. ऑक्टोबर 2024 पासून महाराष्ट्रात 100 रुपयांचा मुद्रांक बहुतेक दस्तांना चालत नाही, 500 चा लागतो. सरकारी कचेरीत द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मात्र मुद्रांक माफ आहे, तरीही बाहेर बसलेले टंकलेखक सर्रास 500 चा घ्यायला लावतात.

जमिनीसाठी येण्याआधीच डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढून ठेवावा. 15 रुपये लागतात आणि जगात कुठूनही निघतो. त्यावर कोणाची नावे आहेत, इतर हक्कांत कुठला बोजा आहे, शेवटचा फेरफार कितवा, हे पाहिल्याशिवाय गावी जाण्यात अर्थ नाही. वडील जाऊन दहा वर्षे झाली आणि नाव अजून त्यांचेच, हे आमच्या पाहण्यात नेहमीचे. वारस नोंदीचा अर्ज गावात राहणारा कोणीही एक वारस ई-हक्क पोर्टलवरून करू शकतो. मृत्यूचा दाखला, आठ-अ (जमिनीचा खाते उतारा) आणि सर्व वारसांची नावे, वये, पत्ते, नाते लिहिलेले प्रतिज्ञापत्र एवढे लागते. सगळे वारस हजर असण्याची गरज नसते. तेव्हा हे काम भावाने किंवा चुलत्याने नोव्हेंबरातच सुरू करावे, म्हणजे मंडळ अधिकाऱ्याने फेरफार मंजूर करेपर्यंत परदेशातले वारस इथे पोहोचलेले असतात आणि पुढच्या कामाला लागता येते.

'सर्व वारस' म्हणजे बहिणीसुद्धा. तिकडे अमेरिकेत आहे, तिला काय करायचंय, असे म्हणून नाव गाळणारे अजून आहेत. 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे आणि वडील त्या तारखेला हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले आहे. बहिणीला स्वखुशीने हक्क सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे लागते. राखीपौर्णिमेला साध्या कागदावर घेतलेली सही फेरफाराला उपयोगी नाही. शेतजमीन अनिवासी भारतीयाला किंवा ओसीआयधारकाला वारसाने मिळू शकते, विकत मात्र घेता येत नाही. 'फार्महाउस प्लॉट' दाखवणाऱ्या एजंटाला पहिला प्रश्न हाच विचारावा, की प्लॉट बिनशेती झाला आहे का, आणि आदेशाची प्रत मागावी.

फ्लॅट विकायचा असेल तर करकपात हा मोठा खड्डा आहे. विकणारा अनिवासी असताना घेणाऱ्याने निवासी विक्रेत्याप्रमाणे 1 टक्का कापून मोकळे होणे चुकीचे. दीर्घ मुदतीच्या नफ्यावरचा दर 12.5 टक्के अधिक अधिभार आणि उपकर, आणि कमी कपातीचा दाखला काढलेला नसेल तर घेणारा तो संपूर्ण किमतीवर कापतो. 80 लाखांच्या फ्लॅटवर 10 लाख अडकतात, अधिभार आणि उपकर वेगळे, आणि परतावा विवरणपत्र भरल्यावर. दाखल्याचा अर्ज ऑनलाइन होतो पण त्याला आठवडे लागतात, म्हणून सौदा ठरण्याच्या सुमारासच तो करावा. विक्रीची रक्कम एनआरओ खात्यात येते आणि तिथून आर्थिक वर्षात 10 लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येते.

परत जाण्याची वेळ आली आणि काम राहिले, तर मुखत्यारपत्र. हे इथे असतानाच दुय्यम निबंधकासमोर केले तर सर्वांत सोपे. तिकडून करायचे झाले तर भारतीय दूतावासात साक्षांकित करावे, किंवा नोटरी करून अपोस्टिल (दस्त दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा म्हणून तिकडच्या सरकारचा शिक्का) घ्यावे. कॅनडा जानेवारी 2024 पासून अपोस्टिल करारात आला आहे, यूएई त्यात नाही, त्यामुळे दुबईकरांना दूतावासाचीच वाट. असे मुखत्यारपत्र महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावे लागते. टपालाचे पाकीट याच कारणासाठी जपून ठेवावे, पोहोचल्याची तारीख त्यावर असते. आई, वडील, भाऊ, बहीण, पती-पत्नी अशा जवळच्या नातलगाला विक्रीचे अधिकार दिले तर शुल्क नाममात्र, मित्राला दिले तर खरेदीखताइतके. 'सर्व अधिकार' लिहून मोकळे होऊ नये. मिळकतीचा गट क्रमांक किंवा फ्लॅट क्रमांक, नेमकी कामे आणि मुदत लिहावी.

सामानाचे थोडक्यात. वर्षाहून अधिक काळ परदेशी राहिलेल्या बाईला 40 ग्रॅम आणि पुरुषाला 20 ग्रॅम सोन्याचे दागिने शुल्काविना आणता येतात. दागिनेच, नाणी आणि बिस्किटे नाहीत. नवरा-बायकोची शुल्कमुक्त मर्यादा एकत्र करून एकच महाग वस्तू त्यात बसवता येत नाही. 5,000 डॉलरहून अधिक रोख असेल तर ती जाहीर करावी लागते. ई-सिगारेटवर 2019 पासून बंदी आहे. ट्रेकिंगला वापरतात ती उपग्रह संदेशाची छोटी यंत्रे परवानगीशिवाय आणली तर थेट पोलिसांत जावे लागते, तेव्हा ती तिकडेच राहू द्यावीत. परत जाताना आईने दिलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत घालू नयेत. खोबरे आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत मोडते आणि त्यापायी बॅग उघडायला लावतात.

कचेऱ्यांकडूनही एक माफक अपेक्षा आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 पासून लागू आहे. त्यात अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत देणे आणि अर्जाची पोच देणे बंधनकारक आहे. व्यवहारात होते असे, की पहिल्या दिवशी एक त्रुटी सांगतात, ती दूर केली की दुसरी. पुण्यात राहणारा माणूस आणखी दोन खेटे घालतो. मेलबर्नहून आलेल्याची सुट्टी संपते. सगळ्या त्रुटी एकदाच, लेखी आणि तारखेसह द्याव्यात. बँकांनीही अनिवासी ग्राहकांच्या कागदांची यादी प्रत्येक शाखेत एकच ठेवावी. मुख्यालयाच्या संकेतस्थळावर एक आणि काउंटरवर दुसरी, असे आज सर्रास आहे. अर्जदारांनीही पोच न घेता कागद सोपवू नयेत. पोच नसेल तर मुदत मोजता येत नाही आणि अपीलही करता येत नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी करायच्या गोष्टी थोड्याच. प्रत्येक खात्यातून एखादा छोटा व्यवहार स्वतः करावा, म्हणजे पुढची दोन वर्षे ते चालू राहील. सिमचे रिचार्ज आणि रोमिंग तपासावे. प्रलंबित अर्जांचे क्रमांक, तारखा आणि टेबलावरच्या माणसाचे पद एका कागदावर लिहून त्याची प्रत मुखत्याराकडे द्यावी. मूळ मृत्यूदाखले, समभाग प्रमाणपत्र आणि खरेदीखत परदेशी नेऊ नयेत, स्कॅन न्यावेत. पुढच्या वेळी तलाठी किंवा सोसायटी मूळ प्रत बघायला मागते, तेव्हा ती न्यू जर्सीच्या कपाटात असून चालत नाही.

आपले,
परदेशस्थ कुटुंबांची कागदपत्रे हाताळणारे दोघे वाचक, पुणे